राजधानीचा मोह

'सिव्हिलायझेशन ६'चा डाव सनपूर्व ४००० मध्ये सुरू होतो. पडदाभर जुन्या नकाशाचा पिवळट कागद, त्यात उजेडाचा लहानसा तुकडा आणि त्या तुकड्यात दोनच आकृत्या: बाडबिस्तरा घेऊन निघालेली सेटलरची टोळी आणि सोबतीला एक वॉरियर. नेहमीच्या वेगाने खेळलात तर पुढे पाचशे टर्न आहेत आणि शेवटचा टर्न इसवी सन २०५० मध्ये संपतो. अंतराळयानं, अणुबॉम्ब, रॉक बँड, सगळं त्या पिवळ्या कागदापलीकडे. नवख्याला अर्थातच ते सगळं आत्ताच हवं असतं. पहिल्या पन्नास टर्नमध्ये काही घडतच नाही असं त्याला वाटतं आणि बोट आपोआप 'नेक्स्ट टर्न'कडे जातं. डाव रुबाबात जिंकायचा की रडतखडत ओढायचा हे बहुतेक वेळा याच पन्नास टर्नमध्ये ठरतं. ते ठरून गेलं होतं, हे कळायला मात्र दीडशेवा टर्न उजाडावा लागतो.

माझा भाचा नागपूरला होस्टेलवर असतो. सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून त्याने हा गेम घेतला आणि लगेच मला फोन केला. घरात हा खेळ खेळणारी मी एकटीच. पन्नाशी ओलांडलेली बाई रात्री अकरा वाजता सुमेरियाशी तह करत बसते, याचं आमच्याकडे कौतुकापेक्षा हसूच जास्त होत आलंय. आता अचानक माझ्या ज्ञानाला भाव आला. "आत्या, सुरुवातीला नक्की काय करायचं ते सांग ना. जिकडेतिकडे नुसती आकडेमोड लिहून ठेवलीय," तो म्हणाला. आकडेमोड मलाही येते आणि ती थोडीफार सांगावीच लागते. पण स्क्रीन शेअर करून त्याचा खेळ बघताना मला वाटत गेलं की नवखा माणूस आकड्यांत फारसा चुकत नाही. तो अडकतो त्याच्या पहिल्या शहरात.

ते शहर वसवायचं कुठे, हा पहिला प्रश्न. गोडं पाणी बघायचं. नदी, तळं किंवा ओअ‍ॅसिसला लागून शहर वसवलं तर सुरुवातीलाच पाच हाउसिंग मिळतं, म्हणजे साधारण पाच वस्त्यांची राहायची सोय. समुद्रकाठी तीन, आणि दोन्ही नसेल तर दोनच. घरं भरत आली की लोकसंख्येची वाढ निम्म्यावर येते, म्हणून कोरड्या जागी वसलेलं शहर लवकरच दमायला लागतं. त्यातून प्लेन्समधली टेकडी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण शहराच्या मधल्या षट्कोनातून एक प्रॉडक्शन जास्तीचं सुटतं. शहराचं एकूण प्रॉडक्शन चार-पाच असताना एकाची किंमत केवढी, हे मध्यमवर्गीय माणसाला समजावून सांगायला नको. भोवतालची तीन षट्कोनांच्या अंतरातली जमीन पुढे या शहराच्या कामाला येणार. तेव्हा डोंगर कुठे, जंगल कुठे, गहू-तांदूळ-दगड काय आहे, यावर एक नजर टाकायची आणि वसवून मोकळं व्हायचं. पहिल्याच टर्नला. फार तर दुसऱ्या.

भाच्याने सेटलर उचलला आणि चालायला लागला. पुढे अजून चांगली जागा असेल. पुढे डोंगर आडवा आला, वळला. मग वाळवंट लागलं, परत फिरला. पाच टर्न गेले. या काळातला एकेक टर्न चाळीस वर्षांचा असतो. म्हणजे बायकापोरं आणि गाठोडी घेऊन ती माणसं दोनशे वर्षं चालत होती. कितीतरी जण वाटेतच जन्मले आणि वाटेतच गेले. शेवटी तो जिथे थांबला त्या जागेत आणि निघाला होता त्या जागेत एकोणीस-वीसचा फरक होता. तेवढ्या वेळात पलीकडच्या न दिसणाऱ्या राजांनी आपापल्या राजधान्या वसवून पहिले स्काउट बाहेर काढले असणार.

टर्नची ही किंमत खेळाच्या रचनेतच आहे. १९९१ साली आलेला पहिला 'सिव्हिलायझेशन' सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी मायक्रोप्रोज कंपनीत रचला. त्याचा अगदी सुरुवातीचा नमुना टर्नचा नव्हता. काळ आपला आपण सरकत राहायचा आणि खेळणाऱ्याने जमिनीवर खुणा करून काय उगवतं ते बघत बसायचं. मायरला ते बघत बसणं रुचलं नाही. त्याने काळ थांबवला आणि पुढे ढकलण्याचं बटण खेळणाऱ्याच्या हातात दिलं. त्यामुळे या खेळात एक गमतीशीर विषमता आहे. विचार करायला अर्धा तास घ्या, चहा करून या, जेवून या, त्याचं काही मोल पडत नाही. टर्नला मात्र मोल पडतं. नवखा नेमका उलटा वागतो: विचार करायची घाई आणि टर्नची उधळपट्टी.

बरं, शहर वसलं. आता त्यात काय बांधायचं? पुष्कळ जण सांगतील: आधी स्काउट, मग स्लिंगर, मग सेटलर. मीही तेच सांगते, फारसा विचार न करता. स्काउटला ३० प्रॉडक्शन लागतं आणि तो जगाचं दार उघडतो. एखादं नगरराज्य सर्वांत आधी त्याला भेटलं तर तिथला पहिला एन्व्हॉय फुकट. स्लिंगर ३५चा, त्याचं महत्त्व पुढे सांगते. सेटलर ८०चा, आणि पुढचा प्रत्येक सेटलर आधीच्याहून महाग. भाच्याच्या शहरात याला दहा-पंधरा टर्न दिसत होते. "एवढे टर्न एका सेटलरवर? त्यापेक्षा मॉन्युमेंट बांधतो, नाही तर शेतं करतो. आधी हे शहर तर नीट होऊ दे." आणि दुसरी तक्रार, जी मला जास्त बोलकी वाटली: "आत्या, सेटलर काढला की शहराची लोकसंख्या एकने कमी होते, माहितीये का तुला?"

माहीत आहे. दोनाच्या वर कसंबसं गेलेलं शहर पुन्हा खाली येतं. इतके टर्न खपून वाढवलेली एक वस्ती उठते, सामान बांधते आणि निघून जाते. जी शेतं त्यांनी कसली ती तात्पुरती ओस पडतात. हिशेब मांडणाऱ्याला हा तोटा दिसतो, आणि ज्याचा राजधानीवर जीव जडलाय त्याला तर अन्याय वाटतो. पण दह्यातून चमचाभर विरजण काढल्याने दही संपत नाही. दहा टर्नमध्ये राजधानी पूर्ववत होते आणि तिकडे नदीच्या वरच्या अंगाला दुसरं शहर आपल्या पायावर उभं असतं, स्वतःची शेतं, स्वतःची हद्द आणि स्वतःचं प्रॉडक्शन घेऊन.

शिवाय या खेळात मोठ्या शहरापेक्षा अनेक शहरांना झुकतं माप आहे, आणि ते का हे नवख्याला कोणीतरी नीट सांगायला हवं. विद्येसाठी कॅम्पस, व्यापारासाठी कमर्शियल हब, देवधर्मासाठी होली साइट, असे विभाग शहराबाहेर, नकाशावरच्या षट्कोनांत बांधावे लागतात. एका शहरात एकाच प्रकारचा एकच विभाग. पहिला विभाग लोकसंख्या एक असताना मिळतो, दुसऱ्याला चार लागतात, तिसऱ्याला सात. म्हणजे सात लोकसंख्येच्या दिमाखदार राजधानीत कॅम्पस एकच असणार, आणि जेमतेम दोन-दोन लोकसंख्येच्या तीन खेड्यांत तीन. त्यात ती खेडी डोंगराला टेकलेली असतील तर दर डोंगरामागे कॅम्पसला एक जास्तीचं विज्ञान. जाणकारांचा एक ढोबळ अंदाज असतो: पन्नासाव्या टर्नपर्यंत तीन शहरं, शंभराव्यापर्यंत सहा-सात. शहरांमध्ये किमान तीन षट्कोन मोकळे सुटावे लागतात, पण त्याहून फार लांब जायची गरज नाही. नवखा सात-आठ षट्कोन सोडून वसवतो, प्रत्येक शहराला भरपूर अंगण मिळावं म्हणून. ते अंगण पुढची दोन हजार वर्षं रिकामं राहतं.

राजधानीच्या मोहाचं सर्वांत देखणं रूप म्हणजे आश्चर्यं. भाच्याच्या राजधानीजवळ दगडाची खाण निघणार होती, आणि दगडाला लागून सपाट जमीन असली की स्टोनहेंज बांधता येतं. बांधलं की एक ग्रेट प्रॉफेट आयता मिळतो आणि धर्म स्थापन करता येतो. चित्र सुरेख, बांधतानाची छोटी चित्रफीत त्याहून सुरेख. प्रॉडक्शन १८०. तेवढ्यात जवळजवळ दोन सेटलर होतात. आणि आश्चर्य जगात एकच. दुसऱ्या कोणी आधी पुरं केलं की तुमचे अर्धवट खांब तसेच राहतात. त्यातून शेजारी चीनचा छिन शी ह्वांग असला तर आणखी पंचाईत. स्वतः आश्चर्यं बांधावीत आणि इतरांनी बांधू नयेत, असा त्याचा स्वभावच खेळात घालून दिलेला आहे, त्यामुळे स्टोनहेंज मिळालं तरी शेजारधर्म बिघडतो. मी म्हटलं, नको बांधूस. त्याने बांधलं. मिळालंही. पण चाळिसाव्या टर्नला त्याच्याकडे एक शहर, एक धर्म आणि एक वॉरियर होता, आणि धर्म पसरवायला दुसरं शहरच नव्हतं.

माझं असं मत झालंय की आश्चर्यं हा खेळातला सर्वांत हुशार सापळा आहे, आणि तो मुद्दामच तिथे ठेवलेला असावा. सगळे नियम वाढीचे, आणि मध्येच एक गोष्ट अशी की जिच्यासाठी माणूस आनंदाने वाढ सोडून देईल. मला तो सापळा आवडतो. प्रिन्स पातळीवर, जिथे संगणकाच्या राजांना उत्पन्नात वाढीव वाटा मिळत नाही, तिथे मीही कधीकधी त्यात खुशीने पाऊल टाकते. डेइटी या सर्वांत अवघड पातळीवर मात्र त्या राजांना सुरुवातीलाच तीन सेटलर मिळतात. तिथे स्टोनहेंजचा विचार करणारा एक तर फार शूर असतो किंवा पुढचं त्याला काही दिसत नसतं.

आता स्लिंगर. पहिल्या दहा-पंधरा टर्नमध्ये कधीतरी एक बार्बेरियन स्काउट राजधानीच्या वेशीवर येतो. तो हल्ला करत नाही. बघतो, आणि त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटतं. हे चिन्ह नवख्याच्या लक्षातच येत नाही, आणि आलं तरी 'गेला बिचारा' म्हणून तो सोडून देतो. तो स्काउट आपल्या तळावर पोचला की तिथून धाडी सुटतात, आणि तळ घोड्यांच्या कुरणाजवळ असेल तर घोडेस्वारांच्या. बिल्डर पळवतात, नुकता निघालेला सेटलर पळवतात, शेतं जाळतात. दहा टर्न खपून काढलेला सेटलर सोबतीशिवाय धाडला आणि तो धरला गेला, तर डाव तिथेच अर्धा मोडतो. म्हणून त्या पहिल्या स्काउटला परत जाऊ द्यायचं नाही. वॉरियरने अडवायचं, स्लिंगरने टिपायचं. शेवटचा घाव स्लिंगरचाच पडला तर दुहेरी फायदा: धनुर्विद्येचा युरेका मिळतो आणि तो शोध जवळजवळ निम्म्यावर येऊन ठेपतो. मग थोडं सोनं मोजून त्याच स्लिंगरचा आर्चर करता येतो, जो एकाऐवजी दोन षट्कोनांवरून मारा करतो. जोडीला, कोड ऑफ लॉज हा पहिला सिव्हिक झाला की 'डिसिप्लिन' हे धोरण लावायचं. बार्बेरियनांशी लढताना पाच गुणांची ताकद वाढते. सैन्य एवढंच. पण एवढं हवंच, कारण शेजारचे राजे तुमच्या हद्दीत येऊन तुमची शिबंदी मोजून जातात, आणि ती नगण्य दिसली की मैत्रीच्या गप्पा लवकर संपतात. एखाद्या राजाची पहिली भेट झाली की लगेच २५ सोन्याचं डेलिगेशन पाठवून द्यायचं. स्वागताची ही शिदोरी नंतर घेत नाहीत.

युरेकांबद्दल मात्र मला सवडीने बोलावंसं वाटतं. २०१६ साली एड बीचच्या नेतृत्वाखाली आलेल्या या सहाव्या आवृत्तीतली ही सर्वांत लोभस कल्पना आहे. आधीच्या आवृत्त्यांत विज्ञान म्हणजे भांड्यात साठत जाणारं पाणी. भांडं भरलं की शोध लागला. इथे प्रत्येक शोधाला जगण्यातला एक प्रसंग जोडून दिलाय. समुद्रकाठी शहर वसवलंत, तर नौकानयन लवकर समजतं. खाण खणून एखादं खनिज काढलंत, तर चाक. दगडाची खाण केलीत, तर गवंडीकाम. एखादा निसर्गाचा चमत्कार नजरेस पडला, तर ज्योतिष. दुसरी संस्कृती भेटली, तर लेखन. ज्याने ही जोडी लावली त्याला माझा नमस्कार, कारण परका माणूस भेटल्याशिवाय लिहून ठेवायची गरज भासत नाही यात काहीतरी खरं आहे. प्रत्येक युरेकाने त्या शोधाचा ४० टक्के खर्च वाचतो. सुरुवातीला तर ५० टक्के वाचायचा, नंतर 'राइज अँड फॉल' या २०१८च्या भरीच्या वेळी तो कमी केला. नवख्याने शोधांची यादी वरून खाली वाचत जाऊ नये. आपल्या आसपास काय आहे ते बघावं आणि ज्याचा युरेका हाताशी आहे तो शोध घ्यावा. डोंगरात जन्मलेल्यांनी जहाजांच्या मागे लागू नये. भाच्याला ही एक गोष्ट न सांगता कळली होती; त्याचे युरेका माझ्यापेक्षा भराभर यायचे. या मुलांना खेळाच्या पोटातलं यंत्र फार लवकर दिसतं, मला अजून त्यावरचं चित्रच आधी दिसतं.

संस्कृती कुठली घ्यायची, हा प्रश्न त्याने उशिरा विचारला, कारण उत्तर त्याने आधीच देऊन टाकलं होतं. भारत. गांधीजी. खेळ सुरू होताच पडद्यावर येणारे गांधीजी बघून मराठी माणूस दोन मिनिटं अवघडतो हे मी पाहिलंय. आणि मग कोणीतरी त्या जुन्या दंतकथेची आठवण काढतंच, की पहिल्या आवृत्तीत एका गणिती गफलतीमुळे गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटायचे. अशी गफलत नव्हतीच, असं खुद्द मायरने २०२० सालच्या आपल्या आत्मचरित्रात सांगून टाकलं, तरी कथा काही मरत नाही. सुरुवातीच्या खेळाच्या दृष्टीने भारताकडे मोलाची चीज आहे ती वेगळीच: बारव. खेळात तिला स्टेपवेल म्हणतात. सिंचनाचा शोध लागला की सपाट जमिनीवर बांधता येते, अन्न वाढतं आणि हाउसिंगही वाढतं, शेताला लागून बांधली तर आणखी. म्हणजे कोरड्या जागी वसलेलं, दमलेलं शहर बारवेने सावरता येतं. २०१९च्या 'गॅदरिंग स्टॉर्म' या भरीत दुष्काळ आले, तेव्हा त्या अन्नाच्या तुटीवर तोड म्हणूनही ती उभी राहिली. साताऱ्याजवळच्या लिंब गावी बारा मोटांची विहीर बघून आलेल्या माणसाला हा नियम पाठ करावा लागत नाही.

हे सगळं सांगताना एक गोष्ट मी त्याला सांगत नव्हते, आणि ती त्यानेच काढली. त्याचा स्काउट एका वस्तीत शिरला. नकाशावर अशा वस्त्या विखुरलेल्या असतात, चार झोपड्या आणि धूर. पाऊल टाकलं की काहीतरी मिळतं: थोडं सोनं, एखादा युरेका, कधी एक बिल्डर. आणि वस्ती नाहीशी होते. "आत्या, ती माणसं कुठे गेली?" त्याने विचारलं. मी म्हटलं, तो बोनस असतो. हे उत्तर मला स्वतःलाच फार दिवस पुरत आलं होतं.

या जातीच्या खेळांना नाव मिळालं तेच मुळी चार क्रियांवरून: शोधा, पसरा, उपसा, संपवा. १९९३ साली अ‍ॅलन एमरिच या समीक्षकाने 'मास्टर ऑफ ओरायन'बद्दल लिहिताना ते रूढ केलं. जमीन रिकामी आहे असं धरून चालल्याशिवाय पहिले पन्नास टर्न खेळताच येत नाहीत. ज्यांची शहरं नाहीत ते एक तर बोनस असतात किंवा बार्बेरियन. 'राइज अँड फॉल'मध्ये कॅनडातल्या क्री लोकांचे एकोणिसाव्या शतकातले नेते पाउंडमेकर यांना खेळता येणारा राजा म्हणून आणलं, तेव्हा पाउंडमेकर क्री नेशनच्या एका लोकप्रतिनिधीने जाहीरपणे आक्षेप घेतला: दुसऱ्यांची भूमी जिंकत सुटणं ही आमच्या लोकांची जगण्याची रीत नव्हती, आणि तुम्ही आमच्या माणसाच्या हाती तोच खेळ दिलात. मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. २०२१ मध्ये 'बार्बेरियन क्लॅन्स' नावाचा एक प्रकार खेळात आला. त्यात बार्बेरियनांच्या तळांशी देवाणघेवाण करता येते, त्यांना पैसे देऊन आपल्या बाजूने घेता येतं, आणि हात लावला नाही तर काही काळाने त्यांचं नगरराज्यही होतं. सुरुवातीला थोडं अवघड जातं, पण मी नवख्यालाही तोच प्रकार चालू करून खेळायला सांगते. बार्बेरियनांचा तळ दिसला की मग हात लगेच धनुष्याकडे जात नाही.

दुसरी उणीव याहून खोल आहे. या खेळात परत फिरता येत नाही. शहर हातचं जाऊ शकतं, पण शिकलेलं काही विसरलं जात नाही. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी जी वर्षानुवर्षं खोदाई केली, तिच्याबद्दल वाचताना हे मला नेहमी आठवतं. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसं येऊन राहिली. जागा अशी निवडली होती की माझ्या भाच्याने निवडावी. चौकोनी, ऐसपैस घरं, जवाची शेती, पुढे पाण्यासाठी बांध आणि कालवा, एक पाच खोल्यांचं घर, बहुधा गावच्या प्रमुखाचं, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. खेळाच्या भाषेत बोलायचं तर सिंचन झालं, कुंभारकाम झालं, पुढचे टर्न वाढीचे. आणि सनपूर्व १००० च्या सुमारास चौकोनी घरं संपतात. त्यावरच्या थरात लहान गोल झोपड्या लागतात. पाऊस कमी होत गेला, शेती हटली आणि लोक गुराढोरांमागे अर्धे भटके झाले, असा अर्थ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी लावला. सनपूर्व ७०० च्या आसपास वस्ती उठलीच. तीही माणसं शहाणी होती. त्यांनी टर्न वाया घालवले नव्हते. त्यांना पुढे जायचं बटणच राहिलं नव्हतं, आणि मागे येणं हीच त्या वेळची उत्तम खेळी असेल. अशी खेळी 'सिव्हिलायझेशन'मध्ये नाही. दुष्काळ आला तर पीक बुडतं, एखादी वस्ती कमी होते. पण नांगर खाली ठेवून मेंढ्यांमागे जायचं ठरवलं, तर त्याला कुठे क्लिक करायचं?

खेळाकडे याला एक पर्याय आहे, रीस्टार्ट. सुरुवातीची जागा पसंत पडली नाही की मेनूत जाऊन जग नव्याने घडवता येतं. बरेच जण पसंतीची नदी आणि दोन गव्हाची शेतं मिळेपर्यंत जगामागून जग टाकत बसतात. मी याच्या विरुद्ध नाही. बर्फाळ टंड्रात अडकून तास घालवण्यापेक्षा ते बरं. भाच्याच्या दुसऱ्या डावात दक्षिणेला टंड्रा होता, उत्तरेला चिंचोळी किनारपट्टी आणि मध्ये एक ज्वालामुखी. मी सरळ म्हटलं, "टाकून दे. दुसरा घे." तो म्हणाला, "नाही गं आत्या. नाव देऊन झालंय शहराला." राजधानीला त्याने आमच्या आजोळचं नाव दिलं होतं.

पण या वेळी त्याने सेटलर काढले. लोकसंख्या एकने कमी झाली तेव्हा कण्हला, पण काढले. दुसरं शहर ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसवलं. मी ओरडले. तो म्हणाला, राखेने जमीन सुपीक होते, आणि ते बरोबरच होतं. दोन उद्रेकांत शेतं जळाली आणि नंतर तिथलं पीक माझ्या कुठल्याही नदीकाठच्या शहरापेक्षा चांगलं आलं. पन्नासाव्या टर्नला त्याची तीन शहरं होती, स्टोनहेंज नव्हतं आणि शेजारी सुमेरियाचा गिल्गामेश खुशीत होता.

सध्या आमचा वाद चौथ्या शहरावरून चालू आहे. मला ते आतल्या बाजूला, तळ्याकाठी हवंय. त्याला गिल्गामेशच्या हद्दीला खेटून, कारण तिथे चहाचे दोन षट्कोन आहेत आणि त्याच्या लोकांना चहा नाही. मी त्याला लॉयल्टी समजावून सांगितली: शेजारच्या मोठ्या शहरांचा दाब पडतो, निष्ठा दर टर्नला घसरते, आणि दहा-बारा टर्नमध्ये एक तीरही न सुटता शहर फितूर होतं. गव्हर्नर बसवला तर आठ गुणांचा आधार मिळतो, तो पुरेल का, हे तिथल्या लोकसंख्येवर आहे. त्याने हिशेब केला. दोन कमी पडतात म्हणाला. मग थोडं थांबून, "पण आत्या, मॉन्युमेंट विकत घेतलं तर?"